असिलकानने चौतीस वर्षं न घेतलेलं नाव

असिलकानची उंची पाच फूट दोन इंच. बास्केटबॉलच्या मैदानात एवढीशी बाई बघून लोक आधी हसायचे. पण याच बुटकीने सोव्हिएत काळात राजधानी फ्रुंझेच्या संघातून गार्ड म्हणून खेळताना तीनदा अजिंक्यपद आणलं, बरं का! समोरची ताडमाड पोरगी उजवीकडे झुकेपर्यंत ही डावीकडून पसार झालेली असायची. दोनदा नाक मोडलं, पण पठ्ठी मागे हटली नाही.

मग नारिनच्या तुरातशी लग्न झालं. तो गुरांचा डॉक्टर, स्वभावाने गरीब. सासू मात्र खमकी. चड्डी घालून धावणारी सून बघून सगळ्या आळीने नाकं मुरडली, तेव्हा सासू म्हणाली, "खेळू दे तिला. पोरं मी सांभाळीन." आणि सुनेला बाजूला घेऊन बजावलं, "पण घरची रीत मोडायची नाही हं."

रीत म्हणजे, सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही. असिलकानने शब्द दिला आणि पाळला.

सासूनेही आपला पाळला. दोन्ही नातू तिनेच वाढवले. सोव्हिएत राज्य मोडलं, त्याबरोबर असिलकानचा संघही मोडला आणि ती नारिनमध्ये मुलींना शिकवायला लागली. हिवाळ्यात तिथल्या हॉलमध्ये एवढी थंडी, की चेंडू उसळायचेच नाहीत. म्हणून सासू पहाटे उठून सहा चेंडू चुलीशी, कणकेच्या परातीशेजारी ओळीने मांडायची. शेजारणी विचारायच्या, "अंडी उबवतेस का गं?"

"हो तर! चांगल्या सुना निघतात यातून."

अशी तीस वर्षं गेली. असिलकानच्या हाताखालून किती पोरी तयार झाल्या, देव जाणे. पण चार वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या गावातून एक पोर आली. काटकुळी, कमरेपर्यंत वेणी, आणि हात असा चपळ की असिलकानला आपलीच तरुणपणची सावली दिसली.

"नाव काय गं तुझं?"

"अनिपा."

झाली का पंचाईत! सासूचं नावही अनिपाच. असिलकान म्हणाली, "मी तुला वेणीवाली म्हणेन."

सरावात ते चालून गेलं. पण गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्याला पोरींनी हौसेने सगळ्यांच्याच वेण्या घातल्या. शेवटच्या क्षणी असिलकान ओरडली, "वेणीवाली, मागे बघ!" आणि पाचही जणींनी वळून पाहिलं! तेवढ्यात चेंडू गेला, एका गुणाने सामनाही गेला. असिलकान घरी येऊन चुलीशी बसून रडली. सासूने विचारलं, तर म्हणाली, "नशीब, आई."

यंदा खेळ खात्याच्या साहेबाने स्पष्टच सांगितलं होतं, "चषक आला नाही तर हॉल कुस्तीवाल्या पोरांना." म्हणजे चेंडूही गेले, पोरीही गेल्या. हे कानावर आलं, तशी चौऱ्याऐंशी वर्षांची सासू पदरचा कुरुत, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे खारट खडे, रुमालात बांधून, काठी टेकत पहिल्यांदाच सामना बघायला आली.

अंतिम सामन्याचे बारा सेकंद उरले होते. एक्कावन्न-बावन्न, असिलकानच्या पोरी एका गुणाने मागे. तिने वेळ मागून घेतला. एवढ्यात काठी आपटत सासू थेट बाकाशी.

"काय गं, मघापासून 'अगं ए', 'तू गं' काय चाललंय? बकऱ्या हाकतेस का? त्या पोरीला नाव नाही?"

"आहे, आई." असिलकानची मान खाली. "तुमचंच आहे."

 म्हातारी कडाडली, "म्हणून गेल्या वर्षी हरलीस? खुळे! रीत मोडू नको म्हटलं होतं मी, डोकं गहाण टाक नव्हतं म्हटलं. मार हाक!"

"जीभ वळत नाही हो."

"वळव."

शिट्टी झाली. वेणीवाली चेंडू घेऊन निघाली. लोक बाक बडवत होते, कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. मागून प्रतिस्पर्ध्यांची सगळ्यांत उंच पोरगी हात पसरून झेपावली. असिलकानला दिसलं, पोरीला नाही. चौतीस वर्षं ओठांआड अडवलेला शब्द तिच्या पोटातून वर आला.

"अनिपा! डावीकडे!"

एवढ्या कल्लोळातही आपलं नाव माणसाला ऐकू येतंच. पोरीने हात बदलला, मागचीच्या मुठीत वारा आला, आणि चेंडू जाळीतून खाली पडला. त्रेपन्न-बावन्न. भोंगा वाजला. पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, खेळ खात्याचा साहेबही उभा राहून टाळ्या पिटत होता. हॉल राहिला!

असिलकान मात्र धावत गेली ती सासूकडे, आणि तिच्या गुडघ्यांशी बसली. "चुकले, आई. माफ करा."

म्हातारीचे डोळे भरले होते. तिने सुनेच्या हातात कुरुताचा एक खडा ठेवला.

"परत म्हण."

"काय?"

"नाव गं. माझ्या थोरल्या बहिणीला जाऊन सोळा वर्षं झाली. मला नावाने हाक मारणारं ते शेवटचं माणूस. आता कुणाची आई, कुणाची आजी, कुणाची काकू. मीच विसरत चालले होते. म्हण एकदा."

असिलकानने सासूचे सुरकुतलेले हात हातात घेतले आणि हळूच म्हणाली, "अनिपा."

मैदानाच्या कडेला पाणी पिणारी पोर वळली. "काय, ताई?"

"तुला नाही गं," असिलकान म्हणाली.