विहीणबाई कॉफी घेऊन येतात

उपासाच्या दिवशी स्वयंपाकघरात काम कमी आणि बोलणं जास्त होतं. माझे आठवड्याला तीन उपास, वर चतुर्थी-एकादशी. तेव्हा आमच्या ओट्याशी किती किस्से साचले असतील ते तुम्हीच ओळखा! त्यातून माझी विहीण, म्हणजे सुनेची आई, स्वीडनची, जुन्या पिढीतली सिनेमा-नाटकातली नटी. तिकडचा बर्फ चुकवायला दर हिवाळ्यात दोन महिने जबलपूरला, आमच्या कांचघरच्या घरी येते. भगर मी खाते, किस्से ती सांगते.

तिचं नाव गुनबोर्ग. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ते 'गुणाबाई' करून टाकलं. तिचं इंग्रजी शाळेत शिकलेलं, माझंही तसंच, म्हणून आमचं छान जमतं. सासूबाईंसाठी मी मधे बसून भाषांतर करते.

सासूबाईंचा पहिला प्रश्न : "सिनेमावाली आहे म्हणते, तर लग्न-बिग्न केलं का नाही हिनं?"

गुणाबाईंनी तीन बोटं दाखवली.

मला वाटलं, आता सासूबाई उठून देवघरात जाऊन बसतात. पण त्या म्हणाल्या, "चलो, बरं झालं! पोरीला संसार शिकवायला आई अनुभवी आहे!"

०

गुणाबाईंच्या काळात तिकडच्या सिनेमात बायकांना दोनच कामं असत. एक बाई खिडकीशी उभी राहून रडायची आणि दुसरी तिला कॉफी नेऊन द्यायची.

"मी कॉफीवाली," गुणाबाई सांगतात. "सदतीस वर्षं!"

रडणारी होती तिची मैत्रीण मार्गिट. मोठी नावाजलेली नटी. तिची खासियत अशी, की ती फक्त डाव्या डोळ्यानं रडायची, कॅमेरा असायचा त्या बाजूच्या. उजवा कोरडा ठाक! एकदा एका पत्रकारानं तिला विचारलं, हे कसं काय जमतं?

मार्गिट म्हणाली, "उजवा मी घरच्यांसाठी राखून ठेवलाय."

०

एक दिग्दर्शक फार गंभीर होता. त्यानं या दोघींना एप्रिलमध्ये पहाटे समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभं केलं. तिकडचा एप्रिल म्हणजे आपल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यासारखा. अर्धा तास झाला, ओठ निळे पडले, तरी कॅमेरा काही सुरू होईना. शेवटी मार्गिटनं ओरडून विचारलं, "आम्ही इथे का उभ्या आहोत?"

दिग्दर्शकानं आकाशाकडे बघितलं. म्हणाला, "कारण देव नाही."

मार्गिट म्हणाली, "नसेल तर नसो. टॉवेल आहे का?"

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या भडकल्याच. "त्या मेल्याला म्हणा, माघात ग्वारीघाटावर ये! पहाटे पाचला बायका नर्मदेत उभ्या राहतात, देव आहे म्हणून! अन् टॉवेल घरून नेतात!"

०

एके दिवशी मटार सोलता सोलता मी सहज विचारलं, "आता काम काहून करत नाही?"

गुणाबाई हसून सांगायला लागल्या. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मोठं थिएटर, भरलेलं. तिला एकदाची कॉफी सोडून बोलायची भूमिका मिळालेली. दुसऱ्या अंकात ती पुढे आली, तोंड उघडलं, आणि पुढचं वाक्यच नाही. डोकं रिकामं! विंगेतून कोणी काय सांगतंय तेही कानात शिरेना. कितीतरी वेळ ती तशीच उभी. मग कुणीतरी पडदा पाडला.

"दुसऱ्या दिवशी पेपरात त्या शांततेचं कौतुक छापून आलं! 'अशी शांतता आमच्या रंगभूमीवर कधी झाली नव्हती'!"

मी पोट धरून हसले. पण तिच्या हातातली शेंग मात्र तशीच राहिली होती.

"त्यानंतर मी एकही काम घेतलं नाही, सुमन. मरायच्या आधी एकदा करायचंय. एकदाच. पण तोंड उघडलं आणि शब्द आले नाहीत तर?"

०

तिचं मन रमावं म्हणून मी तिला भेडाघाटला नेलं. संगमरवराच्या कड्यांमधून नाव निघाली, आणि आमचा नाववाला यमक जुळवून जुळवून त्या दगडांची वर्णनं करायला लागला. हा हत्ती, ती गाडी, हे बघा जोडपं भांडून राहिलं! सगळी नाव हसत होती. गुणाबाई मात्र दगड सोडून त्याच्याकडेच बघत होत्या. मला म्हणाल्या, "विचार त्याला, किती वर्षं हेच बोलतोय?"

"बाईस साल, दीदी. दिन में छह बार."

"आणि विसरलास तर?"

नाववाला वल्हं थांबवून म्हणाला, "भूल गए तो जोर से बोल देते हैं, उधर देखो! सब उधर देखने लगते हैं. तब तक याद आ जाता है."

गुणाबाईंनी पर्समधून वही काढली आणि ते लिहून घेतलं. "तीन वर्षं नाटकाच्या शाळेत घालवली," म्हणाल्या, "कोणी हे सांगितलं नाही!"

०

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडेच होतं. घमापूरपासूनच्या बायका आल्या होत्या. नटी म्हटल्यावर काय! "उखाणा! उखाणा!" सुरू झालं.

मी तिला चार दिवस दोन ओळी शिकवल्या होत्या. फक्त नाव कोणाचं घ्यायचं हे ठरत नव्हतं. पहिला नवरा वारला, दुसराही वारला.

"तिसरा?" सासूबाईंनी विचारलं.

"तिसरा आहे. पण मार्गिटकडे राहतो."

"आहे ना जित्ता? मग घे नाव! राहीना कुठे का!"

गुणाबाई उभ्या राहिल्या. माझी जांभळी पैठणी नेसलेल्या, केसांत गजरा. पहिली ओळ अशी काही म्हणाल्या की बायका गप्प! मग दुसरी ओळ... आणि चेहरा पांढरा पडला. मी ओठ हलवून दाखवत होते, पण त्यांना दिसेना. एकाएकी त्यांनी हात उंचावला आणि खणखणीत हिंदीत म्हणाल्या, "उधर देखो!"

तीस बायका गर्रकन वळल्या. तिथे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई, ज्यांना शुगर आहे, त्या टेबलापाशी एकट्या उभ्या राहून चौथा तिळाचा लाडू खात होत्या.

त्या गोंधळात उखाणा कुणाच्याच लक्षात राहिला नाही. गुणाबाईंच्या मात्र राहिला. बायका गेल्यावर गजरा काढता काढता म्हणाल्या, "बघितलंस? दोनच ओळी होत्या."

०

मी माघातल्या पहिल्या सोमवारी संकल्प सोडला : महादेवा, सोळा सोमवार करते. हिला एक काम दे, आणि काम दिलंस तर शब्दही दे. नुसतं काम देऊन गंमत बघत बसू नकोस!

सासूबाईंना शंका आली. "अगं, पण महादेवाला स्वीडन माहीत आहे का?"

"आई, त्याला बर्फाची सवय आहे. कैलासावरच राहतो ना?"

"हो, तेही खरं. कर मग."

गुणाबाई फेब्रुवारीअखेर परत गेल्या. आणि दहाव्या सोमवारी फोन! एका नव्या दिग्दर्शिकेनं तिला बोलावलं होतं. म्हाताऱ्या आजीचं काम. एकच प्रसंग : नात समोर बसून मनातलं सगळं सांगते, आजी ऐकते, आणि शेवटी एक वाक्य बोलते.

"सातच शब्द आहेत, सुमन," ती फोनवर म्हणाली. "सात शब्द विसरले तर मग काही उरलंच नाही."

०

सोळावा सोमवार मे महिन्यातला. कूलर खडखडत होता, मी सोवळ्यात, पूजा झालेली, पोथी उघडलेली. सासूबाई शेजारी बसल्या बसल्या पेंगत होत्या. तेवढ्यात मोबाइलवर गुणाबाई! तिकडे दुपारचे तीन. अंगावर आजीचे कपडे, मागे दिवे, माणसं, सगळं शूटिंग.

"सहा वेळा शॉट झाला," ती कुजबुजली. "शब्द येतात गं. पण पाठ केलेले येतात. ती पोरगी काय सांगणार हे मला माहीत आहे, मी ऐकतच नाही, माझी पाळी कधी येते याची वाट बघते. मला माहीत नाही असं काहीतरी सांग. कुठल्याही भाषेत."

"अगं, मी आत्ता कहाणी वाचायला बसून राहिले!"

"मग तीच सांग."

आता आली पंचाईत. मी म्हटलं, "बाई, कहाणीचे नियम असतात. हातात तांदूळ घेऊन ऐकायची. मधे बोलायचं नाही, मधे उठायचं नाही. आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनी."

गुणाबाईंनी वळून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. थोडा वेळ नुसती धावपळ ऐकू आली. मग कोणीतरी मोबाइल कॅमेऱ्याच्या शेजारी टेकवून ठेवला आणि मला फक्त तिचा चेहरा दिसायला लागला.

मी पोथीत डोळे घातले आणि वाचायला लागले. वाचताना मी वर बघत नाही, ओळ चुकते. मधे तिकडून कोणीतरी एकदा बारीक खोकलं, आणि लगेच कोणीतरी त्याला गप्प केलं. सासूबाई जाग्या होऊन हुंकार देऊ लागल्या. महादेव-पार्वती सारीपाट खेळले, पार्वती रागावली, रुसून गेलेली माणसं घरी परत आली. शेवटचं 'सुफळ संपूर्ण' म्हणून मी वर बघितलं.

गुणाबाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी तोंड उघडलं आणि हळू, एकेक करत, काहीतरी म्हटलं. मला त्यांची भाषा येत नाही. मी बोटांवर मोजले. सात.

त्यानंतर कोणी हललंच नाही. ना आवाज, ना टाळी. मला वाटलं, नेट गेलं! मी "हॅलो, हॅलो" करायला लागले.

तेवढ्यात मोबाइल कोणीतरी उचलला. मागे वीस-पंचवीस गोरी माणसं उभी होती. दिवेवाले, कॅमेरावाले, ती नात झालेली पोरगी, सगळ्यांच्या उजव्या मुठी छातीशी आवळलेल्या. दिग्दर्शिकेचा चेहरा अगदी जवळ आला. डोळे लाल, आणि आवाज इतका हळू, की मला कूलर बंद करावा लागला.

तिनं विचारलं, "मॅडम, आता मुठी उघडल्या तर चालतील का?"