गौरीच्या सरांवर मी अजून जळतो

गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं म्हणे. मला जमणार नाही.

आज सरांना जाऊन वर्ष झालं. काविळीनं गेले. वयानं माझ्यापेक्षा थोडेच मोठे.

आणि मी जळायचो त्यांच्यावर. उघड उघड.

आधी श्रुतीमुळं. ती सरांच्याच शाळेत बालवाडीला शिकवते. तिला बघायला मिळावं म्हणूनच पुतणीला, गौरीला, शाळेत सोडायचं काम मी मागून घेतलं. कॉलेज मधेच सोडलेलं, सकाळी टाइमच टाइम.

श्रुती गेटवर भेटायची आणि बोलायची सरांबद्दल.
"सर पोरांना किती छान शांत बसवतात माहितंय?"
"छडी दाखवली की मी पण बसवतो."
"तू आधी स्वतः बसून दाखव."

सरांचं ते शांत बसणं म्हणजे काय, तर मधल्या सुट्टीनंतर अख्खा दुसरीचा वर्ग सतरंजीवर. कुणी हात जोडलेले, कुणाचे तळवे उघडे, कुणी नुसतेच डोळे मिटून. सर म्हणायचे, ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्यानं मनात बोलायचं. कुणाशी, ते मला सांगू नका.

पण खरी आग लागली ती गौरीमुळं.

माझा दादा, म्हणजे तिचा पप्पा, चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. हायवेला ट्रकनं उडवलं. गौरी तेव्हा मामाकडं. परत आल्यावर पोरीला सांगायची कुणाची छाती होईना.
आम्ही सांगितलं, पप्पा डबल शिफ्टला आहेत.

हो. डबल शिफ्ट. महिनोन्‌महिने. दादाचा फोटो कपाटात.

कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी थांबली की ती अनवाणी पळायची.

एक दिवस सर घरी आले.
"गौरीनं आज विचारलं मला. सर, डबल शिफ्ट कधी संपते?"
माझं डोकंच फिरलं. "ओ सर, घरात नाक खुपसायचं न्हाय. तुमी पाढे शिकवा."
"पाढे येतात तिला. पप्पा आपल्यावर रागावलेत म्हणून घरी येत नाहीत, असं वाटतंय तिला."



"मग सांगा की तुमीच!"
"मी नाही. घरच्यांनीच सांगायचं. मी इथं बसतो."

सांगितलं मी. माझ्या तोंडानं. पप्पा वारले, बाळा. तुझ्यावर रागावले नव्हते.

आणि पोरगी उठून सरांच्या मांडीवर जाऊन रडली.

माझ्या नाही. सरांच्या.

ते मला अजून पचलेलं नाही.

त्यानंतर फोटो भिंतीवर आला. संध्याकाळी गौरी, वहिनी, आई त्याच्यापुढं शांत बसायला लागल्या. मी बाहेर कट्ट्यावर. सरांचं काहीच नको होतं मला.

मग सरच गेले.

आणि शाळेनं पोरांना काय सांगितलं? सरांची बार्शीला बदली झाली!

गौरी म्हणाली, "काका, बार्शी लई लांब हाय का? एसटीनं जाऊ की."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मनात आलं, असू दे की बार्शीला. विसरेल हळूहळू, मग माझाच नंबर. जळका माणूस असाच विचार करतो.

पण तोंडातून खरं निघालं. "सर वारले, गौरे."

ती म्हणाली, "वर्गात सगळ्यांना वाटंल, सर रागावून गेले."

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात उभं राहून सांगून टाकलं.

मोठ्या बाईंनी मला बोलावून झापलं. "लहान मुलं आहेत ही, कळतं का?"
मी तोंड उघडायच्या आत श्रुती बोलली. "बाई, चुकलं आपलंच. सरांना हे आवडलं नसतं."
आणि ढसाढसा रडली.

माझ्यासाठी हिच्या डोळ्यांत कधी एवढं पाणी येणार?

आता बालवाडी सुटली की पोरांना शांत बसवायला श्रुती जाते. आज तिनं घरच्यांनाही बोलावलं होतं. मी दारातच घुटमळलो.
"आत ये. बस की."
गौरीनं सरकून जागा केली.

डोळे मिटले. ठरवलं होतं, दादाशी बोलायचं. लई साठलंय.

आणि समोर आलं कोण? तुम्ही, सर!

दादाच्याही आधी. तिथं पण मधेच!

मग काय, भांडलो तुमच्याशी. मनातल्या मनात, पण कचकचून. किती बरं वाटलं, ते तुम्हाला सांगणार नाही.

जावा सर आता निवांत. ह्या पोरांना परत कुणी बार्शीची थाप मारणार नाही. बघतो मी.

डोळे भरून, दातओठ खाऊन, तुम्हाला श्रद्धांजली.