आत्याने घातलेलं पाणी

समुद्री जिवांची काचेची टाकी शेणव्यासारख्या डोंगराळ गावात ठेवायची हौस म्हणजे मुळातच आगाऊपणा. पण मला ती होती. घरात मी एकटा आणि समोरच्या दारात माझी विधवा आत्या, त्यामुळे अडवणारंही कुणी नव्हतं.

सुरुवात दगडांपासून झाली. समुद्रातला प्रवाळ उचलून आणणं गुन्हा, म्हणून मी मुंबईच्या दुकानातून कृत्रिम दगड आणले. एकेक हातात घेऊन, उलटासुलटा करून, ज्याला जास्त भोकं तोच निवडला. पाणी साफ राखणारे सूक्ष्म जीव त्या भोकांतच वस्ती करतात. आत्याने कपाळावर हात मारला. "आपल्या माळावर दगडांचा दुष्काळ पडला व्हता काय रे?" आपला काळा दगड भरीव असतो, हे समजावताना माझंच हसं झालं.

मग साफसफाईची मंडळी आली: काचेवरचं शेवाळ खाणारे शंख, उरलंसुरलं वेचणारे शंखात राहणारे खेकडे, एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. आत्याला वाटलं, कालवणाला आणलेत. त्यांचं खरं काम सांगितलं तर, "घासायपुसायला एवढी माणसं ठेवलीस, नि छताला जाळी लोंबतायत," म्हणाली. पण हळूहळू मी कामावर गेलो की ती दार उघडून टाकीसमोर बसू लागली. किल्ली तिच्याकडेच असायची.

वैशाखात विहीर तळाला गेली. धरणं आमच्याच तालुक्यात, पाणी शहराला. आम्हाला टँकर, तोही आला तर. टाकीतलं पाणी रोज उडून जायचं आणि मीठ मागे राहायचं, म्हणून वरून शुद्ध गोडं पाणी घालावं लागे. ते मी शहापूरहून कॅनमध्ये आणायचो. टँकरच्या रांगेसमोरून कॅन नेताना लाज वाटायची, मान वर होत नसे. पुढे कॅनही मिळेनासे झाले. पाण्याची रेघ खाली सरकत राहिली आणि मी नुसता बघत राहिलो.

एका संध्याकाळी घरी आलो तर टाकी काठोकाठ भरलेली. कोळंबी आडवी. शंख काचेवरून सुटून वाळूत उपडे पडलेले. टँकरच्या पाण्यात जंतू मारायला टाकतात त्या पावडरीचा वास खोलीभर. आत्या दारात उभी होती, चेहरा खुललेला.

"पानी किती खाली गेलं व्हतं रे! आज मला हंडा मिळाला, तो सगळा वतला. बघ, कशी गप निजलीत."

तिच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नव्हती. त्या हंड्यात तिचं पिण्याचं सगळं पाणी होतं. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्ही जमलं नाही. "बरं केलंस," म्हणालो.

ती गेल्यावर मेलेले वेचून काढले. दगडाच्या एका भोकात एक खेकडा अजून मिशा हलवत होता. त्याला द्यायला माझ्याकडे चांगलं पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तांब्याभर पाणी घेऊन आली, शेजारणीकडून मागून आणलेलं. "बाकीची कुठं दिसत नाय?" म्हणाली. दगडाआड लपलीत, असं मी सांगितलं. ती तांब्या उचलून टाकीकडे वळली, तसा मी तिचा हात धरला.

"आत्या, मला दे. तहान लागलीय."

तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा केला. पाण्याला तोच उग्र वास होता.

तिने पदराने तांब्या पुसला. "पी बाबा. त्यांना उद्या आणीन."