एसेन परत आला ती दुपार

आमच्या कोचकोर गावच्या बाजारात नान भाजणारी झुराकान एकटीच म्हणायची, "पोलिसांनी मारून वदवलेला कबुलीजबाब खरा कसा मानायचा? मेदेरनं एसेनचा खून केलेला नाही."

"खुन्याची कड घेतेस? तुझा कोण लागतो गं तो?" लोक टोमणे मारत. नदीत सापडलेलं, ओळखू न येणारं प्रेत आम्ही एसेनचं म्हणून पुरलं होतं. मेदेर तुरुंगातच खोकून खोकून मेला.

एका दुपारी बाजार एकाएकी गप्प झाला. कुणाला न सांगता रशियात मजुरीला गेलेला एसेन समोरून चालत येत होता. कुणी सलाम केला नाही. माणसं मागे सरकत गेली.

तो तंदूरपाशी थांबला. "ताई, सगळे असे का बघतायत?"

झुराकाननं त्याचं मनगट चाचपलं. ते गरम होतं. "तुझ्या खुनापायी मेदेर गेला रे. टेकडीवर तुझी कबर आहे."

"मग तिच्यात कोण आहे?"

झुराकान त्याला मेदेरच्या आईकडे घेऊन गेली. आम्हीही मागे गेलो.

म्हातारीनं दार उघडलं. एसेनला पाहून ती जराही दचकली नाही. त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत तिनं विचारलं, "तू आलास, मग माझा मेदेर कुठं मागे राहिला?"