बोदलकसाजवळ एक राजघराणं भिजलं

नवऱ्याचे मामा बोदलकसा तलावाजवळच्या गावात धान पिकवतात. पूर्वज माळव्यातून आलेले, म्हणून मामाजी स्वतःला राजघराण्यातलेच समजतात. हवामान फिरलं आणि मोठमोठी साम्राज्यं बुडाली, असं मी नुकतंच वाचलं होतं. आता थेट राजालाच विचारू म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघं नागपूरहून गाडी काढली.

कोहमाऱ्यापर्यंत रस्ता झकास. तिथल्या धाब्यावर पोटभर जेवून घ्या. गोरेगावकडे वळलात की जंगल वाढतं आणि हॉटेलं संपतात. तलाव दिसला की मात्र थांबाच. आम्ही फोटोंच्या नादात चहाची वेळ चुकवली आणि मामींची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी ओसरीवर मी विषय काढला. "मामाजी, तुमचे पूर्वज माळवा सोडून का आले? दुष्काळ पडला असेल?"

"राजे होते. नवा मुलूख जिंकाले आले!"

"घरात भांडण झालं असन," आतून मामी म्हणाल्या.

सकाळी आभाळ काळंकुट्ट. कापून वाळायला टाकलेल्या धानाच्या कडपा अजून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरातच, पसरलेल्या. घरचा वर्षाचा भात तो.

"पाणी येऊन राहिलं. आताच धान उचला, उंचावर पुंजणे रचा," मामी म्हणाल्या.

मामाजी सुपारी कातरत बसले. "दिवाळीनंतर पाणी येत नाही. माह्या बापाच्या राज्यात कधी आलं नाही."

"बापाच्या राज्यात उन्हाळाबी असा नोहता. बसा तुमी, राजे!"

मामींनी पदर खोचला, शेजारणींना हाका मारल्या. आम्ही दोघंही भारे उचलायला धावलो. वरची बांधी जेमतेम रिकामी झाली आणि पाऊस कोसळला. तेव्हा कुठे मामाजी धावत आले, बांधावरून घसरले आणि चिखलात बसकण मारली. नवरा फिसकन हसला. मी त्याला कोपर मारलं, पण हसू मलाही आवरेना.

मामाजी उठले आणि भारे वाहू लागले. खालची बांधी मात्र पाण्यात गेली. तेव्हा आमचं हसू थांबलं.

रात्री ताटावर ते हळूच म्हणाले, "तुहं आयकाले पाहिजे होतं."

मामींनी त्यांना आणखी भात वाढला.

नागपूरला परतलो, बुटांचा चिखल निघाला. साम्राज्यांबद्दलचं माझं मत मात्र थोडं बदललंय. पाऊस बदलला असेलच. पण "आमच्या राज्यात असं होत नाही" म्हणणारा एखादा राजाही गादीवर असणार.

परवा मामींचा फोन आला. "सूनबाई, ह्यायले समजव! कडक ऊन पडलं आन हे मोबाइलात ढग पाहून माह्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर ताडपत्री टाकून राहिले!"