काठावरचा चेंडू

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाचं खंडभरातल्या देशांच्या क्रीडास्पर्धेत काय काम, असं कुणीही विचारेल. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने विचारलंही होतं, आणि उत्तर मिळाल्यावर त्याच्या डोक्यात फारसा उजेड पडला होता असं नाही. टेबल टेनिसच्या पुरुष एकेरीत ते पंच होते. त्यातही उंच खुर्चीवर बसून गुण पुकारणारे मुख्य पंच नव्हेत. मुख्य पंचाच्या समोर, टेबलाच्या पलीकडे, छोट्या मेजापाशी बसून आकड्यांची पानं उलटणारे सहायक पंच. ‘पानं उलटायला विमानाने नेतात, नशीब लागतं बाबा,’ असं म्हणून मेव्हण्याने विषय मिटवला होता.

पंचमंडळी त्यांना कानसेन म्हणत. तानसेन नाही तर निदान कानसेन, त्यातला प्रकार. मशीनवाल्याचा कान तयार असतो. गिऱ्हाइकाने मशीन टेबलावर ठेवून चाक एकदा फिरवलं, की सुई वाकडी आहे, दात झिजलेत की नुसती तेलाची बोंब आहे हे कानसेनांना झाकण उघडायच्या आधी कळे. बायकोशी ओळखही अशीच झाली. ती कपडे शिवायची, आणि तिचं मशीन ‘खोकतंय’ असं हे म्हणाले. तिला ते इतकं पटलं की पुढे लग्नच झालं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर टेबल टेनिसचा क्लब होता. टेबलाच्या बिजागऱ्या कुरकुरतात म्हणून एकदा तेलाची बुधली घेऊन कानसेन वर गेले, ते परत खाली यायला संध्याकाळ झाली. खेळायला त्यांचा हात नव्हता. क्लबमधल्या एका शाळकरी पोरीकडून सपाटून मार खाल्ल्यावर त्यांनी बॅट खाली ठेवली आणि गुण मोजायला बसले. मग पंचांच्या परीक्षा दिल्या, गडद निळा कोट आला, आधी गावोगावच्या आणि नंतर परदेशातल्या स्पर्धा आल्या. तीस वर्षं कशी गेली कळलंही नाही.

सहायक पंचाचं मोठं काम एकच, काठावरच्या चेंडूचं. चेंडू टेबलाच्या वरच्या धारेला घासून गेला तर तो टेबलावर पडला असं धरतात, आणि गुण मारणाऱ्याचा होऊ शकतो. धारेच्या खाली, टेबलाच्या बाजूला लागला तर मारणाऱ्याचा फटका चुकला. फरक बोटभराचा. आणि सहायक पंचाच्या बाजूच्या काठाचा निर्णय त्याचा एकट्याचा असतो, त्यात उंच खुर्चीलाही बोलता येत नाही. बाकीचे पंच डोळे फाडून बघत. कानसेन ऐकत. वरच्या धारेचा आवाज कोरडा, नखाने काच वाजवावी तसा. बाजूचा आवाज भोंगळ. डोळा फसतो, कान फसत नाही, असं ते नव्या पंचांना शिकवत. तीस वर्षांत त्यांच्या काठाच्या निर्णयावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्यामुळे हे शिकवणं चूक आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एक बाई मशीन घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, फार किंचाळतंय हो, शेजारचे तक्रार करतात. कानसेनांनी चाक फिरवलं. मशीन गप्प होतं. त्यांनी पुन्हा फिरवलं, तर बाईंनी कानांवर हात ठेवले. तेव्हा त्यांना जे समजायचं ते समजलं. त्या दिवसापासून ते मशीनवर तळहात ठेवून आतली थरथर बघायला लागले, आणि कुणी विचारलं तर ही नवी पद्धत आहे म्हणून सांगू लागले. डॉक्टरकडे गेले नाहीत. गेलं की कागद होतो, कागद झाला की पंचांच्या मंडळाकडे जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वयाच्या नियमाने ही स्पर्धा त्यांची शेवटची होती. आजवर त्यांनी उपांत्य सामने पुष्कळ केले होते, अंतिम सामना एकही नाही. या वेळी पंचप्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी सूचित केलं होतं, की उपांत्य सामना नीट पार पडला तर अंतिम सामन्याचं छोटं मेज तुमचं. कानसेनांनी लगेच घरी फोन केला होता. बायकोने सगळ्या इमारतीत सांगून टाकलं. अंतिम सामन्याच्या दिवशी शेजारपाजारचे घरून खुर्च्या घेऊन टीव्हीसमोर येणार होते, मेव्हणासुद्धा.

उपांत्य सामना एका डावखुऱ्या उंच खेळाडूचा आणि एका चष्मेवाल्याचा होता. पहिल्या फेऱ्यांमध्ये कानसेनांच्या बाजूला काठाचा चेंडू आलाच नव्हता, इतकी नशिबाची साथ. या सामन्यातही सहा गेम तसेच गेले. तीन-तीन बरोबरी झाली, आणि सातव्यात डावखुरा दहा-नऊने पुढे गेला. चष्मेवाल्याने मागे सरत सरत चार-पाच फटके परतवले आणि अचानक एक तिरका मारला. चेंडू कानसेनांच्या समोरच्या काठाला लागून खाली गेला. लागला एवढं नक्की, कारण त्याने दिशा बदलली. धारेला लागला असेल तर दहा-दहा. बाजूला लागला असेल तर सामना संपला.

कानसेन ऐकत होते. नेमका त्याच वेळी हॉल ओरडला. पूर्वीही हॉल ओरडायचे, पण त्या गलक्यातून तो एक आवाज त्यांना सुईच्या नेढ्यातून दोरा यावा तसा बरोबर मिळायचा. या वेळी कानात पाणी गेल्यासारखी नुसती घुमघुम झाली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पंचाने हात लवकर वर करायचा असतो. उशीर झाला की संशय येतो. त्यांचा हात वर गेला आणि तोंडातून ‘साइड’ असा शब्द बाहेर पडला. का पडला, हे त्यांना पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही.

डावखुरा जिंकला. चष्मेवाला टेबलापाशी उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने सगळ्यांशी हात मिळवले, कानसेनांशीसुद्धा, पण नजर दुसरीकडे ठेवून.

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये कानसेन ताटात नुसता चमचा फिरवत बसले होते. तेवढ्यात समोर चष्मेवाला येऊन उभा राहिला, हातात फोन. आता हा भांडणार, आणि भांडलाच पाहिजे, असं कानसेनांना वाटलं. त्यांना जवळजवळ बरंच वाटलं. पण तो खुर्ची ओढून बसला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत माफी मागायला लागला. त्याच्या प्रशिक्षकाने कानसेनांच्या बाजूच्या कोपऱ्यातून सामन्याचं चित्रण केलं होतं. त्याने ते सावकाश फिरवून दाखवलं. चेंडू धारेच्या बोटभर खाली लागला होता.

“मला वाटलं, तुम्ही नीट पाहिलंच नाही,” तो म्हणाला. “मी तुमच्याकडे वाईट नजरेने पाहिलं. चूक माझी होती.”

त्याने दोन्ही हातांनी कानसेनांचा हात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि निघून गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. खरं म्हणजे कानसेनांनी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. कुणाचं नुकसान झालं नाही, कुणाला काही कळलं नाही, निर्णय बरोबर निघाला, उद्याचा अंतिम सामना हातात होता. पण त्यांना लाज वाटली, इतकी की ताट तसंच टाकून ते उठले. ज्या माणसाने जिवाच्या कराराने खेळून सामना गमावला, तो येऊन त्यांची माफी मागून गेला होता. चेंडू धारेला लागला असता तरी त्यांनी हेच पुकारलं असतं, किंवा कदाचित नसतंही. त्यांनाच ठाऊक नव्हतं. चुकीचा निर्णय दिला असता तर त्यांनी तो जन्मभर छातीवर वागवला असता, पण तो स्वतःचा तरी असता.

पंचप्रमुख बाई त्यांच्या खोलीत उद्याची यादी तयार करत होत्या. कानसेनांचं नाव त्यात आधीच लिहिलेलं होतं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“निर्णय बरोबर होता ना? मग अडचण काय?”

“बरोबर निघाला, मॅडम. मी दिलेला नव्हता. मला काही ऐकूच आलं नाही. दोन वर्षं झाली, कान गेलेत.”

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणालाच नाही. घरीसुद्धा नाही.”

खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात कानसेनांना आशा होती, की बाई म्हणतील, असू द्या, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बसा उद्या. माणूस खरं बोलतो तेव्हाही थोडी सवलत मागतच असतो. बाईंनी त्यांचं नाव खोडलं, वर दुसरं लिहिलं. उपांत्य सामन्याचा निकाल बदलणार नाही आणि मंडळाला कळवावं लागेल, एवढंच त्या म्हणाल्या. शाबासकी दिली नाही, रागावल्याही नाहीत.

घरी फोन करायला हवा होता. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण बायको ऐकवणार, या धास्तीने त्यांनी रात्री टाळलं, सकाळी टाळलं, आणि दुपारी सामन्याची वेळ झाल्यावर आता उशीरच झाला अशी स्वतःची समजूत घातली. निळा कोट बॅगेत घडी करून ठेवला आणि साध्या शर्टात प्रेक्षकांमध्ये वरच्या रांगेत जाऊन बसले. छोट्या मेजापाशी परक्या देशाचा एक सडपातळ पंच होता. तो दोन्ही कोपरं टेकून, मान पुढे काढून, काठाकडे टक लावून बघत होता. कानसेनांनी मनात त्याला दोष द्यायचा प्रयत्न केला, पण देण्यासारखं काही सापडलं नाही. डावखुरा चार-दोनने जिंकला. लोक उभे राहिले, कानसेनही राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. सोन्याचं पदक कुणालाही मिळो, त्या खुर्चीत त्यांना बसायचं होतं, आणि आता ते कधीच होणार नव्हतं.

हॉलबाहेरच्या जिन्यात उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. आवाजाची कळ शेवटपर्यंत दाबून फोन कानाशी घट्ट धरला. बायकोने पहिल्यांदा तब्येत विचारली. इमारतीतले सगळे येऊन बसले होते, ती सांगत होती, कॅमेरा त्या खुर्चीवर गेला आणि तिथे दुसराच माणूस. मेव्हणा म्हणाला, कोट बदलला असेल.

“अहो, होता कुठे तुम्ही?”

त्यांनी सांगितलं. मशीन घेऊन आलेल्या बाईंपासून पंचप्रमुखांच्या यादीपर्यंत सगळं, मध्ये श्वास न घेता. पलीकडे शांतता पसरली. हल्ली शांतता पलीकडची आहे की आपल्या कानातली, हे त्यांना चटकन कळत नसे. त्यांनी हॅलो म्हटलं.

“आहे मी,” ती म्हणाली. एकेक शब्द सुटा, मोठ्याने. “त्या पंचप्रमुख बाईंना सांगितलंत. ओळख ना पाळख. मला नाही सांगितलंत.”

“तुला काळजी लागली असती.”

“मला माहीत होतं. दोन वर्षं घसा ताणून बोलतेय मी तुमच्याशी. तुम्हाला काय वाटलं, भांडतेय?”

कानसेनांना खरंच तसं वाटलं होतं, आणि तेवढ्यासाठी दोन वर्षं ते तिच्यावर मनातल्या मनात रुसून होते.