उल्केने बिघडलेला मिक्सर

आमचे हे उल्कांचे तपासनीस. आकाशातून लखलखीत उल्का गेली की कुणाचा रेडिओ खरखरतो, कुणाच्या दारावरची घंटा आपोआप वाजते, आणि तशा तक्रारी वेधशाळेत येतात. त्यांची शहानिशा करायला सरकार यांना पगार देतं. मुलीच्या सासरी मी 'वेधशाळेत आहेत' एवढंच सांगते.

तपासाची रीत यांनीच ठरवलेली. दारात पाऊल टाकताच एकच प्रश्न: "आवाज उजेडासोबत आला की नंतर?" नंतर आला तर साधा गडगडाट, हवेतून रखडत आलेला. सोबत आला तर विद्युत लहरींचं काम, कारण त्या उजेडाच्याच वेगाने धावतात आणि जवळची एखादी वस्तू थरथरवून आवाज काढतात. मग हे स्वतः यंत्र उघडून बघायचे, आणि उघडलेलं यंत्र बिघडलेलंच परत द्यायचं यांच्या जिवावर यायचं. गावाला हे कळायला कितीसा वेळ? 'सोबत' म्हटलं की दुरुस्ती फुकट. उल्केने मिक्सर जळाले, इस्त्र्या गार पडल्या, एका वकिलाचा तर नळ गळायला लागला. यांनी वॉशर बदलून दिला.

निवृत्तीआधी एक तरी खरी साक्ष मिळावी, एवढीच यांची आस. मी थट्टा करायचे, पण आत कुठेतरी फार वाईट वाटायचं.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, दिवेलागणीला, खरीच मोठी उल्का गेली. अख्ख्या गावाने पाहिली. हे तेव्हा शिंपीणबाईंच्या वॉशिंग मशीनमध्ये मुंडकं घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी. एकजात सगळे "सोबत, सोबत!" एकाने तर तो आवाज गाढ झोपेत ऐकला होता. सगळ्यांना वाटेला लावून हे डोक्याला हात लावून बसले.

मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "मी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होते. चष्म्याच्या काड्या कानाशी सणसणल्या."

"सोबत की नंतर?" यांनी मानही वर केली नाही.

"आधी. सणसणल्या म्हणून तर वर बघितलं, तर उल्का अजून जळतच होती. नाहीतर मला कुठली आभाळाकडे बघायला सवड?"

हे ताडकन उठले. मग हळूच खाली बसले. घरच्यांची साक्ष धरायची नाही, हा नियम साहेबांशी भांडून यांनीच करून घेतलेला.

"अगं, काल का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी?"

वेधशाळेला यांनी 'एकही खरी साक्ष नाही' असंच कळवलं. नियम म्हणजे नियम. पण त्या संध्याकाळी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं. एवढ्या संसारात पहिल्यांदाच यांनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं, आणि संपल्यावर म्हणाले, "अजून एकदा."